कर्नाळ्यात कान लावून

नोव्हेंबर, रविवार. रात्री.

कर्नाळ्याच्या फाटकातून आत शिरलेली माणसं बहुतेक सरळ किल्ल्याच्या वाटेला लागतात. तो अंगठ्यासारखा सुळका हायवेवरूनच खुणावत असतो, त्यामुळे त्यांना दोष तरी काय द्यायचा. पण हे राज्यातलं पहिलं पक्षी अभयारण्य, १९६८ सालचं, आणि पक्ष्यांसाठी आलेली माणसं मात्र आज हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. इथे पक्षी बघायला दोन पायवाटा आहेत, हरियाल आणि मोरटाका. गड चढायचा नाही, असं मी भाचीला निघण्याआधीच बजावलं होतं. तिने तोंड वाकडं केलं, पण आली. आम्ही मोरटाक्याची वाट धरली.

सुरुवातीला पक्ष्यांपेक्षा ट्रकच जास्त ऐकू आले. मुंबई-गोवा महामार्ग या जंगलातूनच जातो, आणि अभयारण्य सगळं मिळून जेमतेम बारा चौरस किलोमीटरचं. आवाजापासून पळून पळणार तरी किती लांब? गाड्यांची घरघर खालच्या पट्टीतली असते आणि त्या पट्टीतलं बाकी सगळं ती गिळून टाकते. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात ग्रेट टिट या चिमुकल्या पक्ष्यांचा अभ्यास झाला होता, त्याचे निष्कर्ष २००३ साली आले. गोंगाटाच्या जागी राहणारे नर गाण्यातले खालचे सूर गाळून वरच्या पट्टीत गातात, असं त्यात दिसलं. त्यांना ते जमतं. पण ज्यांचा गळाच मुळात घुमणारा, त्यांनी काय करायचं? भारद्वाजाचा तो खोल हुप-हुप आणि कवड्यांचं घुमणं कितीसं वर चढवणार?

वाट वळली, टेकडीची सोंड मध्ये आली आणि ट्रक एकदम गप्प झाले. तिथून पुढे खरं जंगल.

त्या वळणावरच भाचीने माझा दंड धरून मला मागे ओढलं. चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर जाळं होतं, वाटेच्या या झाडापासून त्या झाडापर्यंत ताणलेलं. मधोमध जायंट वुड स्पायडरची मादी, पाय पसरले तर तळहात भरेल एवढी, काळ्या अंगावर पिवळे पट्टे. ऊन तिरपं आलं तसे धागे चक्क सोनेरी दिसले. तिच्या वरच्या बाजूला एक लालसर टिकली होती. मला वाटलं पिल्लू असेल. पण तो तिचा नर! आकारात एवढा फरक की नातं पटूच नये. आणखी निरखून पाहिलं तर जाळ्याच्या कडेला चांदीच्या मण्यासारखे दोन-तीन अगदी बारीक कोळी. हे दुसऱ्या जातीचे. स्वतः जाळं न विणता या बाईच्या जाळ्यात अडकलेले छोटे किडे चोरून खातात. आम्ही दोघी बराच वेळ तिथेच. मग वाकून खालून गेलो.

पुढे भाचीने मोबाईलमधलं पक्ष्यांचे आवाज ओळखणारं ॲप लावलं. मला या प्रकाराचा थोडा राग आहे. कान कामाला लावायचे सोडून स्क्रीनकडे काय बघायचं! पण आज मजा झाली. ॲप म्हणालं, शिक्रा. आम्ही माना वर करून शिकारी पक्षी शोधतोय, तेवढ्यात दुसरंच नाव, मग तिसरं. सगळे एकाच झाडावरून बोलत होते. शेवटी तिला फांदीवर दिसला तो. काळाभोर, डोक्यावर कुरळा तुरा, शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला पिसाचं पान. भृंगराज! नकला करण्यात याचा हात धरणारे कमीच. श्रीलंकेतल्या सिंहराजा अरण्यात अभ्यासकांना असं दिसलं की हा इतर पक्ष्यांचे आवाज काढून त्यांना गोळा करतो आणि मिश्र थवा जमवतो. थवा पानं धुंडाळत पुढे सरकतो आणि त्यात उडालेले किडे याला आयते मिळतात.

"म्हणजे हा ग्रुपचा ॲडमिन," भाची म्हणाली.

परतताना मात्र डोकं फिरलं. दोघं जण, खांद्यावर हातभर लांब लेन्सा, आणि झुडपात ठेवलेला लहानसा स्पीकर. त्यातून शामाचं गाणं पुन्हा पुन्हा वाजत होतं. खरा शामा बिचारा या फांदीवरून त्या फांदीवर, शेपटी झटकत, आपल्या हद्दीत कोण घुसलंय ते शोधत होता. घुसलेला कोणीच नाही, त्यामुळे हाकलायचा कुणाला? तोवर किडे पकडणं बंद, सगळा जीव त्या भांडणात. मी म्हटलं, "अहो, बंद करा ते." तर उत्तर, "ताई, दोनच मिनिटं. त्याला काय होतंय?" मी वाद घालायच्या तयारीत होते, पण भाचीने अगदी साधेपणाने विचारलं, "काका, तो आणखी किती वेळ शोधेल?" त्यातल्या वयाने मोठ्या माणसाने काही न बोलता स्पीकर उचलून बॅगेत टाकला. दुसरा अजून स्क्रीनवर फोटो झूम करून बघत होता.

गाडीत बसल्यावर तिने मलाच पकडलं. "मावशी, भृंगराजाने फसवलं तर तुला कौतुक, आणि यांनी फसवलं तर राग?" मी म्हटलं, हो. त्याचं पोट त्यावर चालतं. यांचं घरी जेवण तयार असतं. तिला हे फारसं पटलेलं दिसलं नाही.

पाऊस सुरू झाला की इथे तिबोटी खंड्या येतो. ओढ्याकाठच्या मातीत बोगदा कोरून घरटं करतो आणि त्याच्या मागोमाग कॅमेऱ्यांची रांग लागते. भाचीला तो बघायचाच आहे, जूनमध्ये ने म्हणते. मी अजून हो म्हटलेलं नाही. घरटं सापडलं की त्याचं लोकेशन फोनाफोनी फिरायला लागतं, आणि असली लोकेशनं टाकणारे दोन-तीन ग्रुप तिच्याच मोबाईलमध्ये आहेत. आधी तिने त्यातून बाहेर पडावं, मग बघू.