"या बायका कोण गं?"

आत्याने हा प्रश्न विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही. नाशिकमधल्या द्राक्ष उत्पादक शेतकऱ्यांच्या एका कंपनीत मी कार्यालयाचं काम बघते. वार्षिक अहवाल, सभेची नोटीस, आठ मार्चचं शुभेच्छापत्र, सगळं माझ्याच टेबलावरून जातं. गेल्या खेपेचा अहवाल घरी नेला होता. मुखपृष्ठावर घड हातात धरून हसणारी नऊवारीतली तरुणी, तिचा फोटो विकत घेतलेला. आतल्या बायका आमच्याच, पण एक समईपाशी उभी, एक पाहुण्यांना गुच्छ देताना. पुरुषांच्या फोटोंखाली नाव आणि हुद्दा, बायकांच्या फोटोंखाली नुसतं 'महिला कामगार'.

आत्या 1986 च्या नोव्हेंबरात शेतकरी संघटनेच्या चांदवडच्या महिला अधिवेशनाला गेली होती. लाल बिल्ला अजून तिच्या कपाटात आहे. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत गावोगावच्या बायकांची नावं सातबाऱ्यावर लागली, ते तिने जवळून पाहिलं. तिचा प्रश्न मला फार लागला.

यंदा अहवाल हाती घेतला तेव्हा आधी मजकूर तपासला. 'महिला शेतीकामात मोलाचा हातभार लावतात' हे वाक्य दरवर्षी जसंच्या तसं उतरवलं जायचं. हातभार कुणाला? दिंडोरी-निफाडकडे थिनिंग मुख्यतः बायकाच करतात. घडातले जादा मणी कात्रीने काढून साधारण 100 ते 120 ठेवायचे, म्हणजे उरलेल्यांना जागा मिळते आणि मणी निर्यातीच्या जाडीचा होतो. कात्रीचं टोक शेजारच्या मण्याला लागलं की तो सडतो. मालाचा दर्जा या बायकांच्या बोटांवर ठरतो आणि आम्ही त्याला हातभार म्हणत होतो! मी ते वाक्य खोडून 'थिनिंग, डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं) आणि पॅकिंग बायका करतात' असं लिहिलं.

अध्यक्षसाहेब म्हणाले, "मग पुरुष काय करतात?"

"साहेब, वरच्या परिच्छेदात छाटणी आणि फवारणी आहे. वाचा ना."

त्यांनी दोन्ही परिच्छेद वाचले आणि मंजूर केले.

फोटोंच्या बाबतीत मात्र मीच चुकले. डिसेंबरात दिंडोरी तालुक्यातल्या एका बागेत गेले. थिनिंग करणाऱ्या बायकांची टोळी सुरगाण्याकडची. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला रुमाल. मला वाटलं, हेच खरं, हेच छापायचं. मी मोबाइल वर केला आणि एका मावशींनी पाठ फिरवली.

"ताई, आमचा फोटो पहिल्यांदा छापून येणार, अन् तो असा? तुमच्या साहेबांचा काढता का फवारणीच्या कपड्यात?"

साहेबांचा फोटो इस्त्रीच्या सदऱ्यातच असतो. बाईचं खरं रूप कोणतं, हे ठरवायचा हक्क मी माझ्याकडे घेतला होता. विकत आणलेल्या नऊवारीतल्या तरुणीबद्दल ज्याने कुणी ठरवलं असेल, त्याच्याहून मी फार वेगळं करत नव्हते. त्या दिवशी फोटो काढलाच नाही. कधी येऊ, असं त्यांनाच विचारून पुढच्या आठवड्यात परत गेले. बहुतेकींनी वेलींच्या ओळीतच उभं राहायचं ठरवलं, साडी चांगली आणि हातात कात्री. कोणता फोटो ठेवायचा आणि कोणता पुसायचा, ते जिचा तिलाच मोबाइलवर दाखवून विचारलं. एका मुलीने नको म्हटलं. तिचा पाठमोराही घेतला नाही. फोटोखालची ओळ प्रत्येकीला वाचून दाखवली. नाव माहेरचं लावू की सासरचं, तेही विचारलं. त्या मावशी म्हणाल्या, "नुसतं माझं लाव. अन् गावाचं." किती वर्षं थिनिंग करतात, ते मी त्यापुढे घातलं.

सगळ्यात जास्त वाद झाला सभासदांच्या पानावर. 'महिला सभासदांचा उत्स्फूर्त सहभाग' असं दरवर्षी छापतो. मी सभासदांची यादी काढली. शेअर बायकांच्या नावावर, पण मोबाइलच्या रकान्यात नंबर नवऱ्याचा नाहीतर मुलाचा. सभेची नोटीस त्याच नंबरवर जाते. जिला सभा आहे हेच कळत नाही, तिचा उत्स्फूर्त सहभाग कसा लिहायचा? मी ते वाक्य काढलं. नोंदवहीत किती बायका आहेत आणि सभेच्या हजेरीपटावर किती जणींच्या सह्या आहेत, हे दोन आकडे शेजारी शेजारी टाकले. दुसरा आकडा बघून संचालकांना राग आला. "अनुदानाच्या फाइलला हे लावायचं का?" एका बैठकीत निर्णय झालाच नाही. दुसऱ्या बैठकीत दोन्ही आकडे राहिले, पण यादीतले नंबर मी दुरुस्त करून द्यायचे, या अटीवर.

सध्या तेच चाललंय. रोज दुपारी जेवणाची सुट्टी संपली की यादी घेऊन बसते. फोन बहुधा पुरुषच उचलतो. सभासद ताईंशी बोलायचंय म्हटलं की उत्तर ठरलेलं, "मला सांगा ना, मी सांगतो तिला." मी म्हणते, "दादा, त्यांनाच द्या. शेतात असतील तर बोलवा, मी थांबते." आणि फोन धरून ठेवते.