बंद पडलेला डेस्कटॉप चालू करताना: रॅम, डिस्क आणि मराठी फाइली

गोव्यात डिचोलीतल्या एका वाचनालयातला डेस्कटॉप पावसाळाभर बंद होता. चौथ्या पिढीचा कोअर आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज १०. तो वापरात आणायचा आणि त्याच्यावरच सभासदांना संगणकाची ओळख करून द्यायची, हे काम मी घेतलं. नवशिक्याला बहुतेक ठिकाणी आधी माउस धरायला शिकवतात. मला त्याआधी एक प्रश्न महत्त्वाचा वाटतो: आपण केलेलं काम या क्षणी नेमकं कुठे आहे? रॅममध्ये, डिस्कवर, पेन ड्राइव्हवर, की इंटरनेटवरून भलत्याच ठिकाणच्या संगणकात? दुरुस्तीच्या जवळजवळ प्रत्येक पायरीवर हा प्रश्न समोर येतो, म्हणून सभासदांना शेजारी बसवूनच मी ती केली.

गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. चार महिने बंद राहिलेल्या कॅबिनेटमध्ये ओल धरते, धातूच्या टोकांवर थर चढतो. इकडच्या लाल धुळीला ओल लागली की ती पंख्याच्या पात्यांना चिकटून बसते. म्हणून अशा मशीनचा प्लग थेट सॉकेटमध्ये घालू नये. मी आधी वायर काढून ठेवली, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरलं म्हणजे बोर्डातली उरलीसुरली वीज निघून जाते, आणि झाकण काढून कॅबिनेट कोरड्या खोलीत पंख्याखाली ठेवलं. धूळ कोरड्या मऊ ब्रशने काढली. ब्लोअर मारताना प्रोसेसरचा पंखा बोटाने धरून ठेवायचा, नाहीतर तो वेडावाकडा फिरून त्याचं बेअरिंग खराब होतं. वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये विजेचा धोकादायक दाब शिल्लक असू शकतो.

चालू केल्यावर पंखा फिरला, पण पडदा काळा आणि आतून बीपचा आवाज. पावसाळ्यानंतर अशा वेळी पहिला संशय रॅमवर घ्यावा. रॅमची पट्टी दोन्ही टोकांच्या खटक्या उघडून काढली, सोनेरी टोकं पांढऱ्या मऊ खोडरबराने हलकी घासली, रबराचा चुरा ब्रशने पुरता झटकला. पट्टी परत बसवताना तिच्यातली खाच आणि सॉकेटातला उंचवटा जुळवायचा आणि खटकी आपोआप बंद होईपर्यंत दाबायचं. डीडीआर-३ आणि डीडीआर-४ या रॅमच्या प्रकारांची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे चुकीची पट्टी बसतच नाही. जोर लावायची गरज वाटली की थांबावं. पडदा उजळला. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट लावली. जास्त लावून थंडावा वाढत नाही, पेस्ट फक्त कडेने बाहेर येते.

यानंतर घड्याळ. मशीन चालू झालं, पण तारीख कित्येक वर्षं मागची. मदरबोर्डवर छोट्या नाण्याएवढा सीआर २०३२ हा सेल असतो, ३ व्होल्टचा. प्लग काढलेला असतानाही घड्याळ तोच चालवतो. तो संपला की तारीख मागे जाते आणि मग इंटरनेट चालू असूनही एकेक वेबसाइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असं सांगू लागते. कारण सरळ आहे: प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि संपण्याची तारीख असते, आणि संगणकाच्या मते आज ती सुरुवातच झालेली नसते. लोक अशा वेळी राउटर बंद-चालू करत बसतात. सेल बदलावा, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या प्रोग्राममध्ये, तारीख लावावी, प्रश्न मिटतो.

आता मशीन चालत होतं, पण अतिशय संथ. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडला. मेमरी जवळजवळ भरलेली, डिस्क १०० टक्के, प्रोसेसर मात्र निवांत. हा फरक मी सभासदांना आकड्यांसकट दाखवला, कारण संगणक ‘स्लो’ झाला म्हणजे प्रोसेसर म्हातारा झाला असा सर्वांचाच समज असतो. चालू असलेला प्रत्येक प्रोग्राम रॅममध्ये राहतो. रॅम भरली की विंडोज तिच्यातला काही भाग डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तेव्हा परत आणतं. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ८ मिलिसेकंदांहून थोडं जास्त. विखुरलेले तुकडे वाचायला दर वेळी सुई सरकवा आणि तबकडी फिरायची वाट पाहा. असे तुकडे सेकंदाला शंभराच्या आसपासच वाचून होतात. एसएसडीमध्ये, म्हणजे चिपांवर मजकूर साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काहीच नसतं, तिथे हाच आकडा हजारांत जातो. म्हणून जुन्या मशीनवर पैसे खर्च करायचे तर आधी एसएसडी, मग रॅम. मी २४० जीबीची साटा एसएसडी आणि आणखी एक ४ जीबीची डीडीआर-३ पट्टी घातली.

इथे एक प्रश्न हमखास येतो: २४० जीबी विकत घेतली आणि विंडोज २२३ का दाखवतं? फसवणूक झालेली नाही. बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात, विंडोज १,०७,३७,४१,८२४ बाइट धरतं. त्याच हिशेबाने ५०० ची ४६५ दिसते.

विंडोज १० चा नियमित आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचे बहुतेक आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर तिच्या यादीत आहेत, म्हणून हे मशीन बाद. आडमार्गाने ती घालता येते, पण सार्वजनिक वापराच्या संगणकावर मी तसं करणार नाही. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम निवडली. तिची फाइल सुमारे ३ जीबीची असते. १०० एमबीपीएसच्या जोडणीवर ती किती वेळात उतरावी, हेही सभासदांकडून काढून घेतलं: एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट, म्हणून सेकंदाला १२.५ मेगाबाइट, म्हणजे चारेक मिनिटं. प्रत्यक्षात वायफायवर जास्त लागतात. ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर ती रूफस या प्रोग्रामने लिहिली. नुसत्या कॉपी-पेस्ट केलेल्या फाइलीवरून संगणक सुरू (बूट) होत नाही, आणि रूफसने लिहिताना पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं.

संगणक कशावरून सुरू करायचा ते निवडायच्या बूट मेनूची कळ बोर्डाप्रमाणे बदलते: गिगाबाइटवर एफ १२, आसुसच्या बोर्डावर एफ ८, एमएसआयवर एफ ११. पेन ड्राइव्ह निवडला की मिंट काहीही स्थापित न करता थेट चालू होते, आणि माझ्या मते शिकवण्याची सर्वांत चांगली संधी हीच. प्रत्येकाला चार ओळी लिहून फाइल डेस्कटॉपवर सेव्ह करायला सांगितली. फाइल दिसते, उघडते, पुन्हा बंद होते. मग रीस्टार्ट. फाइल गायब. सेव्ह केलेली असूनही गेली, कारण या अवस्थेत दिसणारा डेस्कटॉप रॅममध्येच असतो आणि वीज गेली की रॅम रिकामी होते. दुसऱ्या खेपेला तीच फाइल दुसऱ्या पेन ड्राइव्हवर ठेवली, ती राहिली. ‘सेव्ह करा’ एवढं सांगणं अपुरं आहे, कुठे सेव्ह केलं ते विचारायचं, हे एवढ्या प्रयोगाने पक्कं बसतं.

स्थापित करण्याआधी जुन्या डिस्कवरचा मजकूर बाहेर काढला. मिंटमधून ती डिस्क उघडली तर फक्त वाचता येत होती, लिहिता येत नव्हतं. याचं नेहमीचं कारण विंडोजचं फास्ट स्टार्टअप: ‘शट डाउन’ केल्यावर विंडोज आपली अर्धी अवस्था डिस्कवर लिहून ठेवतं आणि डिस्क अजून वापरात असल्याची खूण ठेवतं. ‘रीस्टार्ट’मध्ये तसं होत नाही. कॉपी करायला वाचता आलं तरी पुरे, पण लिहायचं असेल तर विंडोज शिफ्ट दाबून बंद करावं. सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरल्यावर फाइली उघडून पाहिल्या आणि जुन्या डिस्कची डेटा केबल काढून ठेवली. मिंटमध्ये ‘डिस्क पुसून स्थापित करा’ हा पर्याय सोपा आहे. चुकीची डिस्क जोडलेलीच नसेल तर ती पुसली जायची भीतीच नाही.

वेळ खरा गेला मराठी फाइलींवर. जत्रेतल्या नाटकांच्या संहिता, भजनी मंडळाची अभंगांची पानं, पंचायतीला दिलेले अर्ज, हे सगळं जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं. नव्या मशीनवर उघडलं की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची रांग. त्या फाइलींत मराठी नव्हतीच. इंग्रजी अक्षरांचे क्रमांक होते आणि फॉन्ट त्या क्रमांकांवर देवनागरी आकार काढत होता. फॉन्ट गेला की आकार गेले. युनिकोडमध्ये क चा क्रमांक २३२५ ठरलेला आहे, कोणताही फॉन्ट असो. मी फाइली रूपांतरकातून काढल्या आणि ओळन् ओळ वाचून घेतली, कारण चुका ठरावीक जागी राहतात. जुन्या फॉन्टमध्ये ह्रस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर साठवली जाते. रफारही असाच जागा बदलतो. जोडाक्षराला लागलेली वेलांटी आणि ‘र्थि’सारखी अक्षरं मुद्दाम तपासावीत.

नवं टाइप करायला इनस्क्रिप्ट मांडणी लावली. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. के वर क, शिफ्टसह ख. एन वर ल, शिफ्टसह ळ. मराठीवाल्यांना अडतो तो ‘किनाऱ्यावर’मधला ऱ्या. साधा र, हलन्त आणि य दिला तर ‘सूर्य’मधला र्य उमटतो. ‘ऱ्या’साठी शिफ्ट धरून जे, मग डी, मग य ची कळ, आणि शेवटी काना. हात बसल्यावर कोकणीही याच कळांवर लिहिता येते, गोव्यात हा फायदा मोठा आहे.

वीज आमच्याकडे पावसात वारंवार जाते, म्हणून ६०० व्हीएचा यूपीएस लावला. तो साधारण ३६० वॉट पेलतो. संगणक, मॉनिटर आणि राउटर एवढंच त्यावर. लेझर प्रिंटर नाही, कारण आतला रोलर तापवताना तो एकदम बराच जास्त भार ओढतो आणि यूपीएस बंद पडतो. वीज गेल्यावर यूपीएसवर मिळणारी दहाएक मिनिटं काम चालू ठेवायला नसतात, सेव्ह करून मशीन बंद करायला असतात. पेन ड्राइव्हही ‘इजेक्ट’ केल्याशिवाय उपटू नये. मिंटमध्ये कॉपीची पट्टी पूर्ण झालेली दिसली तरी शेवटचा भाग रॅममध्ये थांबलेला असू शकतो. इजेक्ट केल्यावर काढायला हरकत नाही असा संदेश येतो, तोवर थांबावं.

जुनी हार्ड डिस्क फेकली नाही. तिची केबल परत जोडून दर आठवड्याची प्रत तिच्यावर जाते, आणि महिन्याला एक प्रत बाहेरच्या डिस्कवर. ती डिस्क वाचनालयात ठेवत नाहीत, एका सभासदाच्या घरी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह असते, आणि पुड्या पावसाळ्याआधी बदलायच्या असं वहीत लिहून ठेवलं आहे.