बीसी तोफांजवळ नसतो

मी तोफखान्यात टीए होतो. टेक्निकल असिस्टंट, म्हणजे तोफेला फारसा हात न लावणारा तोफची. नकाशा, प्लॉटिंग बोर्ड, रेंज टेबल आणि कानाला रेडिओ. लोकांना गोळा भरणाऱ्या जवानाच्या गोष्टी ऐकायच्या असतात आणि मी कोन-अंतराच्या सांगतो. थोडी निराशा होते त्यांची.

हल्ली घरातली पोरं मोबाइलवर ड्रोनचे व्हिडिओ बघतात आणि म्हणतात, "काका, वरून एवढं स्वच्छ दिसतंय, मग गोळा पडायला वेळ का लागतो?" प्रश्न चांगला आहे. उत्तर ड्रोनमध्ये नाही, खाली कोण कोणाच्या शेजारी बसलंय यात आहे.

पायदळाची उतरंड बहुतेकांना ऐकून माहीत असते. दहा जणांचं सेक्शन, तीन सेक्शनची प्लाटून, तीन प्लाटूनची कंपनी, चार रायफल कंपन्या आणि बाकी सगळं मिळून आठशेच्या आसपास माणसांची पलटण. साधारण तीन पलटणींची ब्रिगेड, तीन ब्रिगेडची डिव्हिजन, त्यावर कोअर, त्यावर कमांड. हे पाठ करता येतं. गंमत आहे ती या उतरंडीला तोफखाना कसा चिकटवलाय त्यात.

एका तोफखाना रेजिमेंटमध्ये साधारण अठरा तोफा, सहा-सहाच्या तीन बॅटऱ्या. बॅटरीचा प्रमुख म्हणजे बीसी, बॅटरी कमांडर, हुद्द्याने मेजर. नव्या माणसाला वाटतं तो तोफांजवळ उभा राहून हुकूम देत असेल. नाही. बीसी पायदळाच्या पलटणीच्या सीओसाहेबांशेजारी, म्हणजे कमांडिंग ऑफिसरशेजारी असतो, कित्येक किलोमीटर पुढे. त्याचे ओपी (ऑब्झर्व्हेशन पोस्ट) अधिकारी, म्हणजे लक्ष्य बघून मारा सांगणारे, त्याहून पुढे, कंपनी कमांडरबरोबर चालतात. आमच्या रेजिमेंटचे सीओ ब्रिगेड कमांडरजवळ. म्हणजे पायदळाच्या प्रत्येक पायरीवर एक तोफखान्याचा माणूस बसवलेला. मागे तोफांपाशी उरतात गन पोझिशन ऑफिसर, गनर मंडळी आणि बोर्डावर वाकलेले आम्ही. ज्याला शत्रू दिसतो तो मागतो, ज्याच्याकडे तोफ आहे तो देतो, आणि मध्ये कुणाची परवानगी लागते हे आधीच ठरलेलं असतं. ही बसण्याची व्यवस्था मला लष्करातली सर्वांत हुशार गोष्ट वाटते, तोफेपेक्षाही.

आता यात हवेतला डोळा घाला. आपल्याकडे पहिली एअर ओपी फ्लाइट ऑगस्ट १९४७ मध्ये उभी राहिली. ऑस्टर नावाची हलकी विमानं, आणि चालवणारे तोफखान्याचेच अधिकारी. वैमानिकाला तोफा शिकवण्यापेक्षा तोफच्याला उडायला शिकवणं सोपं, असा त्यामागचा हिशेब, आणि माझ्या मते तो बरोबर होता. पुढे कृषक विमानं आली, मग चीता हेलिकॉप्टर. १ नोव्हेंबर १९८६ ला आर्मी एव्हिएशन कोअर, म्हणजे लष्कराची उडणारी शाखा, तोफखान्यापासून वेगळी झाली, तरी जुने गनर त्यांना आपलेच समजतात. आमचं आर्टिलरी सेंटर नाशिक रोडला आणि त्यांची उडायची शाळाही तिथेच, त्यामुळे शेजार काही सुटला नाही.

एअर ओपीचं शूट असलं की कमांड पोस्टमध्ये वातावरण बदलायचं. जमिनीवरचा ओपी एका जागी बसलेला असतो. तो "ॲड ४००" म्हणाला की त्याच्यापासून लक्ष्याकडे जी रेषा जाते तिच्यावर चारशे मीटर पुढे. त्याची जागा बोर्डावर टाचणीने लावलेली, हिशेब सरळ. हेलिकॉप्टरमधला निरीक्षक मात्र आत्ता इथे, पुढच्या मिनिटाला टेकडीच्या पलीकडे. त्याच्या नजरेची रेषा धरून आम्ही कुठे पळणार? म्हणून तो बहुधा तोफेपासून लक्ष्यापर्यंतची रेषा धरून दुरुस्ती सांगतो, नाहीतर सरळ दिशाच देतो, "नॉर्थ २००". पहिला गोळा पुढे, दुसरा मागे, मग अंतर अर्धं, परत अर्धं, आणि शेवटी "फायर फॉर इफेक्ट", म्हणजे आता खरा मारा. हे सगळं तो कंप पावणाऱ्या यंत्रात बसून, नकाशाची घडी मांडीवर सांभाळत करतो.

आणि तो सगळा वेळ वर लटकत राहत नाही, राहिला तर मरेल. तो डोंगराच्या आड खाली थांबतो. गोळा सुटला की आम्ही "शॉट" म्हणतो आणि गोळा हवेत किती सेकंद राहील ते सांगतो. लांबच्या माऱ्यात पाऊण मिनिटही जातं. पडायच्या सुमारे पाच सेकंद आधी "स्प्लॅश". ते ऐकून हेलिकॉप्टर वर डोकावतं, धूर बघतं, पुन्हा खाली. माझा स्प्लॅश चुकला तर त्या माणसाने फुकट जीव धोक्यात घातला, एवढं साधं गणित. आमचे एक सुभेदारसाहेब स्टॉपवॉच हातात असताना कुणालाही चहा विचारू द्यायचे नाहीत.

दुसरी काळजी आकाशाची. १५५ मिमीच्या तोफेचा गोळा कित्येक किलोमीटर उंच जाऊन उतरतो. त्या कमानीत आपलंच हेलिकॉप्टर आलं तर? म्हणून कुठल्या बाजूला, किती उंचीवर, किती वाजेपर्यंत उडायचं हे आधी ठरतं. वायुदल आलं की हा गुंता वाढतो. कोअर मुख्यालयाशी वायुदलाचं टॅक्टिकल एअर सेंटर असतं, पुढे पायदळाबरोबर राहून विमानांना लक्ष्य दाखवणारा फॉरवर्ड एअर कंट्रोलर असतो. उलट बाजूने वायुदलाच्या तळावर लष्कराचा ग्राउंड लायझन ऑफिसर बसतो. वैमानिक निघण्यापूर्वी आपले लोक कुठपर्यंत पोचलेत हे तो सांगतो आणि परतल्यावर काय दिसलं ते विचारून घेतो. पुन्हा तेच बघा, एकमेकांच्या घरात बसवलेला आपला माणूस.

वरून बघणं म्हणजे दिसणं नव्हे, याचा आपल्याकडचा सर्वांत महाग पुरावा कारगिल. त्या उंचीवर हिवाळ्यात हेलिकॉप्टरच्या टेहळणी फेऱ्या होत होत्या. तरी मे १९९९ च्या सुरुवातीला घुसखोरीची खबर आली ती बटालिककडच्या मेंढपाळांकडून. कारगिलचा आढावा घेणाऱ्या के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीने नंतर कारणं मांडली: हेलिकॉप्टरच्या हादऱ्यांमुळे नीट निरीक्षण होत नाही, आवाज लांबून ऐकू येतो म्हणून माणूस लपतो, कपडे बर्फात मिसळणारे, आणि फेऱ्यांचे मार्ग जवळजवळ दर वेळी तेच. शेवटचं कारण वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. बाकी तीन गोष्टींवर तुमचा फारसा ताबा नाही, चौथीवर आहे.

त्याच महिन्यात, २१ मे रोजी, वायुदलाचं कॅनबेरा विमान फोटो काढायला त्या भागात गेलं आणि त्याच्या उजव्या इंजिनावर क्षेपणास्त्र बसलं. वैमानिकांनी ते एका इंजिनावर परत आणलं. नंतर मिग-२१ विमान आणि एमआय-१७ हेलिकॉप्टर पडलं. म्हणजे हवेतला डोळा तिथे असा अडखळत होता. त्या लढाईत तोफखान्याने सुमारे अडीच लाख गोळे आणि रॉकेट डागले. त्यातले बरेचसे जागेवर आणले ते पायदळाबरोबर कडा चढलेल्या ओपी अधिकाऱ्यांनी, पाठीवर रेडिओ घेऊन. शत्रूची तोफ शोधणारी चांगली रडारं तेव्हा आपल्याकडे नव्हती, ती पुढे आली.

आता पोरांच्या ड्रोनकडे. आपल्याकडे सर्चर आणि हेरॉन हे ड्रोन आले ते आधी तोफखान्याच्याच सर्व्हेलन्स अँड टार्गेट ॲक्विझिशन रेजिमेंटांकडे, साटा म्हणतात त्यांना. चीतामधून एका माणसाला दिसायचं आणि तो एकालाच सांगायचा. आता तेच चित्र एकाच वेळी कितीतरी ऑपरेशन रूममध्ये लागू शकतं. वरिष्ठ साहेबांना थेट कंपनीतली झटापट दिसू लागली की हात शिवशिवतात, हे मानवी आहे. पण डिव्हिजनच्या खोलीतून प्लाटूनला हुकूम जाऊ लागला, तर मधल्या तीन पायऱ्यांवरच्या लोकांनी काय करायचं? आणि चित्रातल्या जागेचा ग्रिड, म्हणजे नकाशावरचा आकडा, कोण काढणार, तिथे आपलं कोणी नाही हे कोण ठरवणार, कुठली बॅटरी मोकळी आहे हे कोणाला माहीत?

या तिन्ही प्रश्नांना उत्तर देणारा माणूस अजूनही तोच मेजर आहे, पलटणीच्या सीओसाहेबांच्या शेजारचा. नव्या व्यवस्थेत पडदा आधी त्याच्यापुढे लावा, मग बाकीच्यांच्या. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचा मुलगा आता तोफखान्यात आहे. त्याला हे बोलून दाखवलं तर तो म्हणाला, "काका, पडदा मिळेल हो, बॅटरी चार्ज कुठे करायची ते सांगा."