पेनोनेची झाडं बघायला तोरिनोला जाताय? मग टूर घेऊ नका

झाडांवर काम करणारा इटालियन शिल्पकार जुझेप्पे पेनोने, त्याचं काम बघायला इटलीत तोरिनोला (म्हणजे ट्युरिनला) जाणार असाल तर "राजवाडा आणि मॉडर्न आर्ट, एका दिवसात दोन्ही" असली टूर अजिबात घेऊ नका. आम्हाला ती विकणाऱ्याने ठासून सांगितलं होतं की वेनारिया (राजवाडा आणि त्याच्या बागा) आणि रिवोली (किल्ल्यातलं आधुनिक कलेचं म्युझियम) शेजारीशेजारी आहेत. नाहीयेत!! एक तोरिनोच्या वायव्येला, दुसरं पश्चिमेला, बसने जायचं तर परत शहरात यावं लागतं आणि टॅक्सीवाला तोंडाला येईल तो भाव सांगतो.

त्याहून संताप आला तो गाईडचा. सगळी सकाळ राजवाड्याच्या दालनांत घालवली, राजेलोकांची चित्रं, शिकारीचे किस्से, आणि पेनोनेची बाग कुठेय विचारलं तर वरूनच खाली बोट दाखवून "ती तिकडे" म्हणाला. अहो, त्या बागेसाठीच तर पैसे मोजले होते! मी सरळ ग्रुप सोडला आणि एकटी खाली उतरले. नुसत्या बागांचं तिकीट वेगळं मिळतं, पूर्ण तिकिटापेक्षा स्वस्त असतं, आणि पेनोनेसाठी जाणाऱ्याला तेवढंच पुरतं. टूरवाला हे सांगणार नाही.

त्याचा भाग आहे खालच्या बागेत, पार्को बास्सोमध्ये. 2003 ते 2007 मध्ये केलेला. चालायला भरपूर, पायाखाली खडी आणि उन्हाळ्यात दुपारी सावली शोधावी लागते, मला त्या उन्हात अक्षरशः गरगरलं. सकाळी गेट उघडताच जा, टोपी घाला, पाण्याची बाटली भरून घ्या. सोमवारी बंद असतं.

पण काय बघायला मिळतं! झाडाची अवाढव्य साल ब्राँझमध्ये ओतून उभी केलीये आणि तिच्या मधल्या जागेत खरं, जिवंत झाड वाढतंय. मी किती वेळ तिथेच उभी होते. दुसरीकडे दगडी हौदात खालून हवेचे बुडबुडे सोडलेत, ते वर येऊन पाण्यावर माणसाच्या बोटाचा ठसा काढतात, हे पळतपळत दिसणारच नाही, पाण्याकडे बघत शांत उभं राहा. संगमरवर असा कोरलाय की दगडातल्या शिरा उठून आल्यात, हाताच्या नसाच जणू.

जायच्या आधी एवढं माहीत असू द्या, म्हणजे बागेत काय बघायचं ते कळेल. पेनोनेचा जन्म 1947 चा, पिएमोंतेतल्या गारेस्सिओ गावचा. 1968 मध्ये त्याने जंगलातल्या एका कोवळ्या झाडाला स्वतःच्या हाताचा धातूचा साचा लावला, झाड वाढत राहिलं, फक्त त्या पकडीपाशी अडलं. आपल्याकडे रस्त्याकडेचं झाड ठोकलेली पाटी गिळत जातं ना, तसंच, फक्त इथे पकड माणसाच्या हाताची. नंतर तो वखारीतले तयार लाकडी वासे घेऊन, एकेक वर्षाचं वलय धरून आत कोरत गेला, आणि वाशातून मूळचं कोवळं झाड फांद्यांच्या खुंटांसकट बाहेर काढलं. सगळं काम हेच: झाड, साल, पानं, माती, अगदी बटाटेसुद्धा.

रिवोलीला वेगळा दिवस द्या. मेट्रोने फेर्मी स्टेशन, तिथून बस, आणि मग किल्ल्यापर्यंतचा चढ, तो दम काढतो. सोमवार-मंगळवार बंद. तिथे आर्ते पोवेराचा, म्हणजे साध्यासुध्या वस्तूंतून कला करणाऱ्या इटालियन चळवळीचा (पेनोने त्यातलाच), मोठा संग्रह आहे, पण दालनांतली मांडणी बदलत असते, पेनोने सध्या लावलाय का ते आधी विचारा, नाहीतर चढ फुकट जाईल.

आणि फक्त रोमलाच जाणार असाल तर लार्गो गोल्दोनीला चक्कर मारा. त्याची 2017 ची दोन ब्राँझची झाडं तिथे रस्त्यावरच उभी आहेत, फांद्यांत संगमरवराचा भलामोठा ठोकळा धरून. तिकीट नाही, रांग नाही, रात्रीसुद्धा बघता येतात. पण त्यावर वेनारियाची भूक भागत नाही, तिथली झाडं वाढतात.