रुब्रिक विद्यार्थ्यांना आधी दिसावं म्हणून केलेला पाठपुरावा

ऑनलाइन कोर्समध्ये रुब्रिक, म्हणजे काम कोणत्या निकषांवर आणि पातळ्यांवर तपासलं जाईल ते सांगणारा तक्ता, वापरायचं, तर ते विद्यार्थी लिहायला बसण्याआधी त्यांच्या डोळ्यांसमोर असलं पाहिजे. एवढी साधी गोष्ट मान्य करून घेता घेता माझं जवळजवळ अख्खं सत्र गेलं आणि त्याचा राग अजून पुरता उतरलेला नाही. सविस्तर लिहितेय, कारण हीच खटपट करणारे आणखी कुणी असतीलच.

रुब्रिक बनवणं तसं पटकन झालं. संशोधन अहवालाची असाइनमेंट, चार निकष, प्रत्येक निकषाच्या चार पातळ्या. वेळ लागला तो शब्दांना. ‘पुराव्यांचा वापर: उत्तम, चांगला, समाधानकारक’ एवढंच लिहिलं, तर विद्यार्थ्याच्या हाती काहीच लागत नाही. मी वरच्या पातळीला लिहिलं, ‘प्रत्येक दाव्याला पुरावा आहे आणि त्या पुराव्यातून दावा कसा निघतो ते सांगितलं आहे.’ तिच्या खालच्या पातळीला, ‘पुरावा आहे, पण त्याचा दाव्याशी संबंध वाचणाऱ्यालाच लावावा लागतो.’ या दोन ओळी शेजारी शेजारी वाचल्या की आपला परिच्छेद कुठे बसतो, ते ज्याचं त्याला कळतं.

घोडं अडलं ते पुढे.

आमचा कोर्स मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या प्रणालीवर आहे. मूडलमध्ये २०११ साली आलेल्या २.२ आवृत्तीपासून रुब्रिकची सोय आहे. त्याच्या पर्यायांमध्ये एक चौकट असते: विद्यार्थ्यांना रुब्रिक आधी पाहू द्यायचं का? तिथे टिक नसेल, तर गुण दिल्यानंतरच ते दिसतं. आमच्याकडे रुब्रिक चढवायचा अधिकार परीक्षा विभागाचा, आणि विभागाने ही टिक सरसकट काढून ठेवलेली.

कारण विचारलं. उत्तर आलं, ‘मूल्यमापन साहित्य गोपनीय असते.’ म्हणजे रुब्रिक त्यांनी आदर्श उत्तरपत्रिकेच्या रांगेत बसवलं होतं. चढवण्यासाठी जो फॉर्म भरायचा, त्यात ‘गोपनीय: होय’ हे आधीच छापलेलं, ‘नाही’ला जागाच नव्हती. मी तिथे पेनाने ‘लागू नाही’ लिहून पाठवलं, तर फॉर्म अपूर्ण म्हणून परत आला. तांत्रिक कक्षाकडे तिकीट, म्हणजे ऑनलाइन तक्रार, टाकलं. ते ‘परीक्षा विभागाच्या सूचनेनुसार’ एवढा शेरा मारून बंद झालं. परीक्षा विभाग म्हणाला, अभ्यासक्रम समितीला विचारा. समिती म्हणाली, हा सेटिंगचा प्रश्न आहे, तांत्रिक कक्ष बघेल. निदान पीडीएफ तरी वाटू का, असं विचारलं, तर तेही नको. इकडे सादर करायची तारीख जवळ येत होती आणि विद्यार्थी मेल करत होते, ‘मॅडम, नक्की काय अपेक्षित आहे?’

मला सगळ्यात जास्त टोचलं ते हे. वर्गात तास संपल्यावर विद्यार्थी टेबलापाशी येऊन विचारू शकतो, शिक्षकाला त्याच्या चेहऱ्यावरून गोंधळ कळतो. ऑनलाइन कोर्समध्ये अनेकजण रात्री एकटे बसून लिहीत असतात. त्या वेळी अपेक्षा समजून घ्यायला त्यांच्याजवळ लिखित सूचनांशिवाय काही नसतं. त्यातलं सगळ्यात नेमकं पान आपणच कुलपात ठेवायचं?

शेवटी काम झालं ते एका पत्राने. ‘परवानगी द्यावी’ या विनंतीऐवजी मी रुब्रिकच जोडलं आणि विचारलं, यात उत्तर कुठे आहे ते दाखवा. विषय कुठला घ्यायचा, पुरावा कुठला द्यायचा, निष्कर्ष काय काढायचा, यातलं एक अक्षरही त्यात नाही. आहे ती फक्त चांगल्या कामाची ओळख. सोबत मूल्यमापनाचे अभ्यासक रॉइस सॅडलर यांनी १९८९ मध्ये मांडलेला मुद्दा दिला: चांगलं काम म्हणजे काय हे विद्यार्थ्याला समजलं पाहिजे, आपलं काम त्याच्याशी ताडून पाहता आलं पाहिजे आणि मधलं अंतर कमी करता आलं पाहिजे. निकष लपवले तर यातली पहिलीच पायरी तुटते. पत्राची प्रत तिन्ही ठिकाणी एकाच मेलमध्ये पाठवली, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवायला जागा उरली नाही. ‘हरकत नाही’ असं एका ओळीचं उत्तर आलं. तुम्हीही अडला असाल तर पत्र असंच लिहा, ‘पारदर्शकता’ वगैरे मोठे शब्द बाजूला ठेवून.

टिक झाली आणि मेलचा सूरच बदलला. एका विद्यार्थिनीने लिहिलं, ‘पुराव्यांच्या निकषात मी दुसऱ्या पातळीवर आहे असं वाटतंय. तिसऱ्या परिच्छेदात आकडे दिलेत, पण त्यांचं काय करायचं ते लिहिलेलं नाही. बरोबर ना?’ अगदी बरोबर होतं, आणि सादर करण्याआधी तिने ते दुरुस्त केलं. ‘दोन गुण का कापले’ या मेलपेक्षा असा एक मेल मला कितीतरी मोलाचा वाटतो.

आता मी विद्यार्थ्यांना असाइनमेंटसोबत स्वतःची पातळी आणि एका ओळीत कारण लिहायला सांगते. त्यांचा अंदाज आणि माझी पातळी जिथे जुळत नाही, तिथेच सविस्तर शेरा लिहिते. प्रत्येक निकषाखाली शेरा लिहायची सोय मूडलमध्ये आहे, ती सुरू करून घ्या.

आणखी एक, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. सगळ्यात खालच्या पातळीला शून्य गुण ठेवा. पातळ्या १ ते ४ ठेवल्या आणि किमान गुण धरायचा पर्याय निवडला नाही, तर मूडल सर्वांत खालची पातळी शून्य टक्के धरतं. चारही निकषांत २ मिळाले तर १६ पैकी ८, म्हणजे ५० टक्के, असं आपण समजतो. पण प्रत्येक निकषातला खालचा १ गुण वजा होऊन हिशोब होतो १२ पैकी ४ असा आणि विद्यार्थ्याला ३३ टक्के दिसतात. शब्दही गुण द्यायला बसण्याआधीच पक्के करा. नंतर रुब्रिकमध्ये मोठा बदल केला, तर झालेलं मूल्यमापन पुन्हा तपासायची वेळ येते.

मिळालेली परवानगी त्या एका असाइनमेंटपुरतीच होती. पुढच्या सत्राचं पत्र मी आत्ताच पाठवून ठेवलं आहे, आणि या वेळी फॉर्ममधल्या त्या छापील ‘होय’बद्दलही लेखी विचारलं आहे.