कोडिंग सोडलंत का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी आता टेक्निकल रायटर, सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते लिहून देणारी. ‘कोडिंग जमेना म्हणून लिहायला लागलात का?’ असं तोंडावर कुणी विचारत नाही. ‘चांगला चालला होता की हो जॉब,’ म्हणतात आणि गप्प बसतात. अर्थ तोच.

जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत नऊ वर्षं काढली, हिंजवडीच्या ट्रॅफिकसकट. एकदा रात्री अडीचला क्लायंटचा फोन आला, एकही रिक्वेस्ट पूर्ण होत नाही म्हणून. दोन तास सर्व्हरचे लॉग (नोंदी) चाळले. सर्व्हर ठणठणीत. शेवटी त्यांची कॉन्फिग (सेटिंग्जची) फाइल मागवली, तर टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघायची मुदत, ३०. आमच्या डॉक्युमेंटमध्ये एवढंच होतं: ‘टाइमआउट: इंटिजर.’ म्हणजे पूर्णांक. पण ३० काय? त्यांनी सेकंद धरले, कोड मिलिसेकंद मोजत होता. डोळ्याची पापणी लवायच्या आत उत्तर आलं नाही की कनेक्शन तुटायचं. कोड माझा, त्यात चूक नव्हती. ती ओळही माझीच.

सकाळी एक शब्द वाढवला, मिलिसेकंद. मग खोडच लागली. स्प्रिंटमधलं (ठरल्या मुदतीतलं) काम उरकलं की इतरांची डॉक्युमेंट्स दुरुस्त करत बसायचे. वर्षभराने टेक्निकल रायटरची जागा निघाली, तेव्हा मीच हात वर केला. त्या वर्षी पगार वाढला नाही, हेही सांगून टाकते.

या कामात प्रत्यक्ष लिहिणं थोडंच. कोऱ्या मशीनवर एकेक कमांड स्वतः चालवून बघायची. तिसऱ्या पायरीला हमखास अडतं, कारण डेव्हलपरच्या लॅपटॉपवर लागणारी लायब्ररी (तयार कोडचा संच) कधीचीच पडलेली असते आणि तो ते विसरलेला असतो. मजकूर मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या खुणांनी मांडलेला, आणि कोड ठेवतात त्याच गिट रिपॉझिटरीत. रिव्ह्यूत कोडइतकीच चिरफाड. आणि शब्दांचे घोळ! एचटीटीपीतला, म्हणजे वेबवरच्या देवाणघेवाणीच्या नियमांतला, ४०१ हा एरर कोड घ्या. नाव ‘अनऑथराइज्ड’, म्हणजे परवानगी नसलेला, पण तो म्हणतो, आधी तू कोण ते सांग. ओळख पटली पण परवानगी नाही, त्यासाठी ४०३. हे बारसं कुणी केलं देव जाणे, निस्तरते मी, दर प्रोजेक्टमध्ये नव्याने.

तर, कोडिंग सोडलं का? गेल्या आठवड्यात एका एपीआयचं (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याशी बोलायच्या सोयीचं) वर्णन लिहीत होते. त्यातला एक पॅरामीटर (सोबत पाठवायची एक माहिती) कशासाठी आहे ते काही कळेना. ज्याने तो घातला त्यालाच गाठलं. बराच वेळ स्क्रीनकडे बघून तो म्हणाला, ‘थांब, काढूनच टाकतो.’

माझं एक वाक्य लिहायचं वाचलं.