बदनाम मंडळीत बदली झाली तेव्हा: एका पाळकाचा अनुभव

नगरकडून बदली होऊन मी भायखळ्याच्या बाजूला एका जुन्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समूहात, पाळक (धर्मगुरू) म्हणून आलो. मंडळीचं नाव लिहीत नाही, कारण सांगायचंय ते तिच्या वाईट दिवसांबद्दल. आधीच्या कमिटीत पैशांवरून भांडणं झाली होती, हिशेब रखडले होते आणि चर्चचं कंपाउंड बिल्डरला विकलं ही अफवा शेजारच्या चाळीत पक्की बातमी म्हणून फिरत होती. कोपऱ्यावरच्या वाण्याने ओळख होताच विचारलं, "फादर, कितीला गेली जागा?" आम्हा प्रॉटेस्टंटांमध्ये फादर नसतात, हे समजावण्याची ती वेळ नव्हती.

बायबलमध्ये प्रेषित पौलाने आपला सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 3ऱ्या अध्यायात मंडळीचा पुढारी कसा असावा, ते दिलंय. व्यसनी नसावा, पाहुणचार करणारा असावा, पैशाचा लोभी नसावा. त्यातली शेवटची अट आपण सोयीने विसरतो: मंडळीबाहेरच्या लोकांनीही त्याला चांगलं म्हटलं पाहिजे. म्हणजे माझा निकाल त्या वाण्याच्या हातात होता.

सुरुवात दानाच्या थैलीपासून केली. रविवारचं दान खजिनदार एकटेच मोजायचे. माणूस सज्जन, त्यांच्याविरुद्ध कुणाचा शब्द नव्हता, म्हणूनच बोलणं अवघड होतं. मी पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा 8वा अध्याय काढला. यहूदीयातल्या गरीब पवित्र जनांसाठी, म्हणजे ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांसाठी, जमवलेला पैसा पौल एकटा नेत नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतो, कुणाला नाव ठेवायला जागा राहू नये म्हणून. पौलाला साक्षीदार लागला, तर आपण कोण? खजिनदारांनी थोडा वेळ गप्प राहून मान डोलावली. तेव्हापासून नात्यात नसलेले दोघं मोजतात, वहीवर दोघांच्या सह्या होतात आणि आकडा पुढच्या रविवारी बोर्डावर लागतो. पाळकाने थैलीला हात लावायचा नाही, हा ठराव मी मुद्दाम करून घेतला.

मग कागद. चर्चच्या ट्रस्टचे विश्वस्त बदलले की 90 दिवसांत सार्वजनिक ट्रस्टवर देखरेख ठेवणाऱ्या धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. आमचा पडूनच होता. ऑडिटही मागे. आयुक्तांच्या वरळीच्या ऑफिसातल्या खेपांचं वर्णन करत नाही, ज्यांनी मारल्यात त्यांना ठाऊक आहे. पण त्या खेपांत वकिलांनी समजावलेलं एक कलम कामी आलं. 1950च्या सार्वजनिक न्यासांच्या कायद्यात कलम 36 आहे: ट्रस्टची स्थावर मिळकत आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, इमारत 3 वर्षांपेक्षा जास्त काळ भाड्यानेही देता येत नाही. चाळीच्या मीटिंगला मी स्वतः गेलो, हेच सांगितलं आणि म्हटलं, असा अर्ज आम्ही केलेला नाही, वाटलं तर ऑफिसात जाऊन चौकशी करा. देवाची शपथ घेतली असती तर एवढा उपयोग झाला नसता.

31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेचा भोंगा बंद केला, आवाज हॉलपुरता ठेवला. तरुण संघ रुसला, चाळीतल्या म्हाताऱ्यांना बरं वाटलं. त्याबद्दल एवढंच.

सगळ्यात जड गेली ती शिफारसपत्रं. मुंबईत ख्रिस्ती शाळांतल्या प्रवेशाचे दिवस आले की पाळकाच्या दारी रांग लागते. बाप्तिस्म्याचा (ख्रिस्ती दीक्षाविधीचा) दाखला हवा, 'नियमित सभासद' असल्याचं पत्र हवं. त्यात वर्षानुवर्षं उपासनेला न फिरकलेलेही असतात. एका घरच्यांना तर बाप्तिस्म्याची तारीख मागची हवी होती. मी रजिस्टर पुढे ठेवलं आणि त्यात आहे तेवढंच लिहून दिलं. लेकराचं भविष्य बुडवलं म्हणून मला खूप ऐकावं लागलं, कमिटीतल्या दोघांनीही ऐकवलं. "अहो पाळकसाहेब, एका तारखेने काय होतंय?" माझ्या मते तिथेच सगळं होतं. एक खोटा कागद सापडला की मंडळीच्या प्रत्येक खऱ्या दाखल्यावर संशय येतो आणि त्याची किंमत पुढच्या घरातलं मूल मोजतं. दुसऱ्या एका कुटुंबाचं पत्र घेऊन मी शाळेत गेलो, तेव्हा तिथल्या कारकुनाने आधी शिक्का नीट निरखला. पुढच्या हंगामात निरखला नाही. माझ्यासाठी ते कुठल्याही सत्काराच्या शालीपेक्षा मोठं होतं.

आणखी एक नियम कमिटीकडून मंजूर करून घेतला: दवाखान्यातल्या भेटी आणि धान्यवाटप यांचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचे नाहीत. उजव्या हाताचं डाव्या हाताला कळू नये, हे तर प्रभू येशूने डोंगरावरच्या प्रवचनातच सांगितलंय. तरी यावरच सगळ्यात जास्त वाद झाला. देणगीदारांना पुरावा लागतो म्हणे. पुरावा म्हणून पावती आणि हिशेबाची वही दाखवतो. काही देणगीदार त्यामुळे गेले, ते परत आलेले नाहीत.

बिल्डरची अफवा अजून अधूनमधून उठते. आता वाणी मला विचारत नाही, विचारणाऱ्याला परस्पर बोर्डाकडे धाडतो. फादर मात्र म्हणतोच. आणि मागची तारीख मागणारे ते गृहस्थ रस्त्यात भेटले की मी सलाम करतो, ते दुसऱ्या फुटपाथला जातात.